चार मिलिमीटर

"तुमचं वावर पिवळ्यात येते का हिरव्यात?"

बँकेतल्या शेतीकर्जाच्या टेबलावरच्या मॅडमनी हे विचारलं, तेव्हा आधी मला प्रश्नच कळला नाही. हातात सातबारा होता. त्यावर गट नंबर १४३, क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, बाबांचं नाव, पिकाच्या रकान्यात तूर आणि सोयाबीन, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. रंगाचा रकाना सातबाऱ्यावर नसतो. "झोन दाखला आणा, भाग नकाशा आणा, मोजणीची क प्रत आणा, मग पाहू," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. प्रादेशिक योजनेच्या नकाशावर रहिवासाची जमीन पिवळी आणि शेतीची हिरवी रंगवतात, आपली जमीन कशात येते त्याचा कागद म्हणजे झोन दाखला, आणि क प्रत म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

ही गोष्ट २०२२ च्या दिवाळीनंतरची. वर्धा नदीच्या अलीकडे आमचं गाव, तालुक्याच्या ठिकाणापासून फार लांब नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बनवलेली मिनी दालमिल घ्यायची, रस्त्याच्या कडेच्या वावरात टिनाचं शेड आणि छोटं गोदाम टाकायचं, असं माझं आणि बायकोचं ठरलं होतं. तूर आपल्या वावरात पिकते, बाजारात जाते आणि डाळ होऊन किराणा दुकानातून दामदुपटीने आपल्याच ताटात येते, हे बघून बघून कंटाळा आला होता.

थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे त्याचा संबंध आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी सहा वर्षं नागपूरच्या एका खासगी कंपनीत नकाशे संगणकावर चढवायचं काम केलं. जुना कागद स्कॅन करायचा, त्यावरच्या रेघा माऊसने गिरवायच्या, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा. हजारो गट या हातांखालून गेले. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा गावी परत आलो. त्यामुळे नकाशाच्या कामात आपल्याला कोण काय शिकवणार, अशी थोडी गुर्मी होती. ती पुढच्या चार महिन्यांत उतरली.

पटवारी साहेबांकडे गेलो. (सरकारने आता या पदाचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं आहे, पण आमच्याकडे पटवारी तो पटवारीच. कागदावरही 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर अजून सुटलेला नाही.) ते म्हणाले, "भाऊ, झोन आमच्याकडे नसते. ते नगर रचनावाल्यायचं काम." नगर रचना कार्यालय जिल्ह्याच्या गावी. तिथे अर्ज दिला, फी भरली. आठवड्याने गेलो तर बाबू म्हणाले, "हा १४३ गट आमच्या नकाशावर नाही येऊन राह्यला. सर्व्हे नंबर सांगा."

आता गंमत बघा. सातबारा नव्या गटाने चालतो. प्रादेशिक योजनेचा नकाशा ज्या पायावर काढला, त्यावर मात्र जुने सर्व्हे नंबर होते. मधल्या काळात १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली आमच्या गावाची चकबंदी झाली, तुकडे जोडले गेले, नवे गट पडले. महसूल खात्याने ते उचलले, योजना काढणाऱ्यांनी नाही उचलले. दोन्ही कार्यालयं आपापल्या कागदाशी प्रामाणिक. पण एकाचा कागद दुसऱ्याला वाचता येत नाही. दोघांमधला दुभाषा कोण, तर अर्जदार.

तो दुभाषेपणा करायला लागतो एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तिथे चार चकरा झाल्या. दोनदा रेकॉर्ड सांभाळणारा माणूस रजेवर, एकदा लाईन गेलेली. चौथ्यांदा एका वयस्क शिपाई काकांनी कपाटातून बांधणी काढली, फुंकर मारली, आणि पानांचे तुकडे पडू नयेत म्हणून वर्तमानपत्रावर ठेवून उलगडली. त्यात मिळालं: सर्व्हे नंबर ६१/२ पूर्ण आणि ६२ पैकी काही, मिळून गट १४३. बाबांना घरी येऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "मले विचारलं असतं तर मी सांगतलं असतं. आंब्याच्या अलीकडचं सारं एकसष्ट." एकत्रीकरणाचं रजिस्टर आमच्या ओसरीतच खाटेवर पडलेलं होतं आणि मी ते जिल्हाभर शोधत होतो.

उतारा जोडला, आणि दहा-बारा दिवसांत दाखला हातात आला. त्यावरचं मुख्य वाक्य असं: 'सदर स.नं. ६१ अंशतः रहिवास विभाग व अंशतः शेती विभागात समाविष्ट आहे.'

अंशतः. या शब्दावर मी दोन रात्री झोपलो नाही. म्हणजे किती? कोणता अंश? आंब्याकडचा की रस्त्याकडचा? मी पुन्हा गेलो. बाबूंनी माझ्यासमोर नकाशा पसरला, पट्टी लावली. भला माणूस होता, त्यांचा काही दोष नव्हता. नकाशा १:५०,००० चा. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर. पिवळ्या आणि हिरव्या रंगाच्या मधली रेघ अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे जमिनीवर २५ मीटर रुंद. माझं शेड १२ मीटर रुंदीचं. माझं अख्खं गोदाम त्या रेघेच्या पोटात मावत होतं आणि तरी दोन्ही बाजूंना बैलबंडी वळवायला जागा उरत होती. रेघेच्या आत असलेल्या जागेचा रंग कोणता, हे बाबूंनाही सांगता आलं नाही, आणि त्यांनी ते कबूल केलं.

त्यांनीच मग दुसरी वाट सुचवली. जमीन महसूल संहितेत ४२-ड कलम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक, म्हणजे शेतीशिवायच्या वापरासाठी त्यात सोपा रस्ता दिला होता, योजनेतला विभाग जुळला तर. "तुमचं वावर गावाला लागूनच आहे ना? मोजून पाहा." २०० मीटर म्हणजे त्यांच्या नकाशावर चार मिलिमीटर. पण गावाच्या नकाशावर तेच पाच सेंटिमीटर होतात, कारण आमचे गाव नकाशे मैलाला सोळा इंच या जुन्या मापाचे, म्हणजे १:३९६०. तिथे नीट मोजता येईल, असं वाटलं.

मोजायचं कुठून, हा खरा प्रश्न निघाला. कारण आमच्या गावाला गावठाणं तीन निघाली.

एक जुन्या गाव नकाशावरचं, तुटक रेघेने दाखवलेलं, मारोतीच्या देवळापासून जुन्या विहिरीपर्यंत. दुसरं ड्रोनचं. गावठाणं ड्रोनने मोजायची स्वामित्व योजना केंद्राने २४ एप्रिल २०२० ला सुरू केली, आणि आमच्या गावावरून ड्रोन उडायच्या आदल्या दिवशी पोरांनी हौसेने चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. त्यात शाळा आली, ग्रामपंचायत आली, वस्तीला चिकटलेली बरीच नवी घरं आली. तिसरं योजनेच्या नकाशावरचं, जे गावठाण नव्हतंच, एक बटाट्यासारखा पिवळा ठिपका होता. ड्रोनच्या हद्दीपासून मोजलं की माझी शेडची जागा २०० मीटरच्या आत पूर्ण बसत होती. जुन्या नकाशापासून मोजलं की अर्धी. बटाट्यापासून मोजायचं तर बटाट्याच्या कोणत्या डोळ्यापासून, हा प्रश्न.

मग मी रात्री लॅपटॉप काढला. तिन्ही नकाशे एकावर एक ठेवायचे ठरवले. हेच तर माझं काम होतं! पहिल्या फटक्यात माझं वावर गुजरातच्या किनाऱ्यापुढे अरबी समुद्रात जाऊन पडलं. खोटं नाही सांगत. आपल्या विदर्भाच्या मधून ७८ अंश रेखांश जातो. नकाशासाठी जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात, त्या पद्धतीला यूटीएम म्हणतात. ७८ च्या पश्चिमेला तिचा ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. अमरावती ४३ मध्ये, वर्धा ४४ मध्ये. अमरावतीकडचं काम करून करून मला ४३ ची सवय लागलेली, तोच लावला, आणि वावर बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकलं. बायको मागे उभी होती. म्हणाली, "आता ओलिताचा प्रश्न मिटला."

समुद्रात पडलेली चूक निदान दिसते. जी चूक साठ-सत्तर मीटरची असते ती दिसत नाही, आणि तीच घात करते. जुने टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे नकाशे) एका आधारावर, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्याच्यावर, ड्रोनचा नकाशा दुसऱ्या आधारावर, गाव नकाशाला तर अक्षांश-रेखांशच नाहीत. नकाशा कोणत्या आधारावर काढला आणि कधी, हे त्याच्यासोबत लिहिलेलं नसेल तर एकावर एक ठेवण्याला काही अर्थ नाही. चित्र सुंदर दिसतं, एवढंच. कंपनीत आम्ही अशी सुंदर चित्रं रोज बनवत होतो, हे मला त्या रात्री आठवलं. 'आधार' या रकान्यात काय लिहायचं ते माहीत नसलं की आम्ही वरच्या ओळीतलं खाली ओढून टाकायचो. कोणाच्या तरी दाखल्यावरचं 'अंशतः' कदाचित माझ्याच माऊसमधून निघालेलं असेल.

कंपनीतच मी पहिल्यांदा आयएसओ १९१५२ हे नाव ऐकलं होतं. जमीन प्रशासनाच्या माहितीचा साचा कसा असावा याचं आंतरराष्ट्रीय मानक, २०१२ चं. तेव्हा ते परदेशी कामाच्या फायलीत असलेलं एक कंटाळवाणं पीडीएफ होतं. आता उघडून पुन्हा वाचलं तर वाटलं, अरे, हा तर सातबारा आहे. एक, माणूस किंवा संस्था: आपला भोगवटादार. दोन, त्याचे हक्क, त्याच्यावरचे निर्बंध आणि जबाबदाऱ्या: आपला इतर हक्काचा रकाना. तीन, जमिनीचा तुकडा: आपला गट. आणि प्रत्येक नोंदीला ती कधी सुरू झाली, कधी संपली याची तारीख. आपली फेरफार नोंदवही दुसरं काय करते? जुनी नोंद कंस करून ठेवते, खोडून टाकत नाही. पटवाऱ्याला हे मानक समजावून सांगायला अर्धा तास पुरेल. सल्लागाराला समजावून सांगायला जास्त लागेल.

अलीकडे त्या मानकाचे भाग पाडले आहेत, आणि २०२५ मध्ये आलेला पाचवा भाग फक्त नियोजनाच्या माहितीचा आहे. त्यातली कल्पना साधी. योजना वरून खाली उतरते: वरच्या पातळीची योजना, मग तिचे विभाग, मग विभागातला लहानात लहान एकसारखा तुकडा, जिथे एकच वापर ठरला आहे. त्या तुकड्याला स्वतःची हद्द, स्वतःचा क्रमांक, कोणत्या तारखेच्या मंजुरीने तो आला हे सगळं जोडलेलं. दिलेली परवानगीसुद्धा त्यालाच बांधलेली. हे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला जमिनीचा गट. दोन्ही एकाच साच्यात बसले की 'अंशतः' लिहायची सोय राहत नाही. ०.७१ हेक्टर पिवळ्यात, ०.९१ हिरव्यात, असा आकडाच द्यावा लागतो. नाही देता आला तर का नाही देता आला हे तरी उघडं पडतं.

रंग आणि नावं सगळ्या जगाने एकच वापरावीत असं ते मानक म्हणत नाही. प्रत्येकाने आपल्या शब्दांची यादी ठेवावी आणि कोणता शब्द कशाच्या बरोबरीचा आहे ते लिहावं, एवढंच. आपल्याकडे कुठे 'शेती विभाग', कुठे 'हरित विभाग', कुठे 'ना-विकास विभाग'. २०२० च्या डिसेंबरात राज्याने एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आणली, तिने या नावांचा बराच गुंता सोडवला. पण नियमावली म्हणजे पुस्तक. नकाशावरचा रंग ते पुस्तक आपोआप वाचत नाही.

शब्दांची किंमत काय असते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. 'झुडपी जंगल' हे दोन शब्द बघा. महसुलाच्या जुन्या कागदात त्याचा अर्थ झुडपं असलेली, गुरं चारायची हलकी जमीन. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा नोंदींच्या हजारो हेक्टर जमिनी, त्यांवर शाळा, वस्त्या, स्मशानं. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर जंगल म्हणजे काय याचा अर्थ बदलला, आणि एकाच जमिनीला दोन खाती दोन अर्थ लावत राहिली. शेवटी २२ मे २०२५ ला न्यायालयाने ती वनजमीनच असं ठरवलं आणि १९९६ च्या आधी वाटलेल्या जमिनींसाठी केंद्राकडे जायची वाट ठेवली. यादीतल्या एका शब्दापुढे 'म्हणजे काय' हे न लिहिल्याने जवळजवळ तीस वर्षं गेली. माझे तर चारच महिने गेले होते.

मोजणीचं थोडक्यात सांगतो. ई-मोजणीवर तातडीची फी भरली, तरी तारीख तीन महिन्यांच्या काठावर आली. लगतच्या कास्तकारांना नोटिसा गेल्या. भूकरमापक तरुण होता, रोव्हर म्हणजे उपग्रहावरून ठिकाण मोजायचं यंत्र घेऊन आला. राज्यात त्यासाठी ७७ कायम केंद्रं उभारलेली आहेत, त्यांच्याशी बोलून ते यंत्र जागेवरच काही सेंटिमीटरपर्यंत ठिकाण सांगतं. पूर्वी साखळी ओढत दिवस जायचा, इथे जेवणाआधी काम संपलं. फक्त धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मधोमध पोहोचल्यावर त्याने खूण केली ती शेजारच्या काकाजींच्या तुरीत दीड मीटर आत. काकाजी काही बोलले नाहीत. तूर उपटून बाजूला ठेवली, खुणेचा दगड बघितला आणि म्हणाले, "तुह्या आज्यानं आन् माह्या बापानं हा धुरा मिळून घातला होता. त्यायले यंत्र नव्हतं." मी म्हटलं, "काकाजी, धुरा राहू द्या जिथे आहे तिथे." दगड कागदावर आहे, धुरा जागेवर आहे. हेही कुठल्या मानकात बसवायचं असेल तर बसवा.

क प्रत घेऊन, माझा तीन गावठाणांचा नकाशा छापून, मी नगर रचनाच्या मोठ्या साहेबांसमोर बसलो. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. चष्मा काढला.

"दालमिल टाकायची आहे ना? घर नाही ना बांधायचं?"

"नाही साहेब. दालमिल आणि गोदाम."

"मग पिवळं-हिरवं कशाला करता? शेतमालावरची प्रक्रिया शेती विभागातही चालते. रस्त्याची रुंदी आणि अंतरं पाळा, म्हणजे झालं."

मला काही सुचेना. चार महिने मी ज्या रेघेच्या मागे लागलो होतो, तिच्या अलीकडे असो की पलीकडे, माझ्या कामाला फरक पडत नव्हता. बँकेच्या मॅडमना ते माहीत नव्हतं, पटवारी साहेबांना नव्हतं, दाखला देणाऱ्या बाबूंना कदाचित होतं, पण मी त्यांना काय टाकायचं आहे ते विचारलंच नव्हतं. मी फक्त रंग विचारला होता, त्यांनी फक्त रंग सांगितला. या तुकड्यावर काय काय चालतं, हे त्या तुकड्यालाच चिकटलेलं असतं, तर मोबाइलवर सातबारा उघडतो तसं पाच मिनिटांत दिसलं असतं.

पण घाईघाईने हे सगळं जोडायला निघालेल्या माणसांची मला थोडी भीतीही वाटते. उद्या कोणी उत्साही अधिकारी तो १:५०,००० चा नकाशा सरळ गाव नकाशावर चढवेल, आणि सातबाऱ्याच्या खाली 'विभाग: शेती' असं छापून येईल. मग ती २५ मीटर जाडीची रेघ केसाएवढी बारीक होऊन माझ्या आंब्याखालून जाईल, आणि तिच्यावर शंका घ्यायला काही कारणच दिसणार नाही. आज दाखल्यावरचं 'अंशतः' चिडवतं, पण निदान खरं बोलतं. जोडायचंच असेल तर रेघेसोबत तिची जाडीही जोडा, कोणत्या मापाच्या नकाशावरून आली तेही लिहा. आणि दलालांचं सांगायलाच नको. पिवळा शब्द सातबाऱ्यावर दिसला की धुऱ्याधुऱ्यावर गाड्या थांबतील.

२०२३ चा तुरीचा हंगाम माझ्या हातून गेला. बँकेने भाग नकाशा तरीही मागितलाच, नियमात होता म्हणून. शेड पावसाळ्यानंतर उभं राहिलं, पहिली डाळ २०२४ च्या फेब्रुवारीत निघाली. टरफल उडून बायकोच्या डोक्यावर पांढरटपणा आला होता, आणि खाटेवरून बाबा विचारत होते, किती उतारा पडला.

मागच्या महिन्यात काकाजी आले. हातात घडी घालून घालून फाटलेला सातबारा. "माह्यं कोणत्या रंगात हाये थे पाहून दे रे बाप्पा. पोरगा घर बांधतो म्हणून राह्यला." मी लॅपटॉप उघडला, या वेळी ४४ वा पट्टा लावला. योजनेची रेघ त्यांच्या विहिरीवरून जात होती. तसं त्यांना दाखवलं.

ते बराच वेळ बघत राहिले. "विहीर कोणाच्या बाजूनं धरतेत मंग?"

मला सांगता आलं नाही. त्यांचा मोजणीचा अर्ज त्याच रात्री भरून दिला, नियमित फीचा. द्रुतगतीचे पैसे भरायचे नाहीत म्हणाले, संत्र्याला खत टाकायचं होतं.